दादा, तुझा कूलर सात मिलिमीटर उंच होता

दादा, तुझ्या दशक्रियेला माईक लावला होता. गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले की, मधुकररावांनी टेंभुर्णीत बसून, स्वतःच्या हातांनी, मिठाईच्या पुड्याएवढा कॉम्प्युटर तयार केला होता. शहरातल्या इंजिनिअरला जमलं नसतं ते त्यांनी करून दाखवलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी लावला नाही. समोर हार घातलेला तुझा फोटो होता आणि त्यातही तुझा चेहरा तसाच होता, कोणी कौतुक करायला लागलं की व्हायचा तसा. बोलले ते ठीकच, पण जरा कमी बोलले, असा.

तो कॉम्प्युटर मी जुळवला होता. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं आणि मंगल वहिनीला माहीत होतं. वहिनी आणि मी मांडवात शेजारी शेजारी बसलो होतो आणि दोघींपैकी कोणीच तोंड उघडलं नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं दिसतं. मला ते जमत नाही. तू असताना तुझ्याबद्दल जे वाटायचं तेच आजही वाटतं. ते तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तू घमेंडखोर होतास. नुसता घमेंडखोर असतास तरी चाललं असतं, पण घमेंड करण्यासारखं तुझ्याकडे फारसं काही नव्हतं. डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडलास, तरी गाव तुला इंजिनिअर म्हणायचं आणि तू एकदाही कोणाला अडवलं नाहीस. बारावीनंतर मी जालन्यात सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स लावला, तेव्हा तू बाबांना म्हणाला होतास की पोरीच्या जातीनं पेचकस घेऊन काय करायचंय. पुढे नवीन जालन्यात, स्टेशनकडच्या गल्लीत, मी दुकान टाकलं. बियाणं कंपन्यांच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर माझ्याकडे दुरुस्तीला यायला लागले. मग तू पाहुण्यांना सांगू लागलास की रेखाला हे सगळं मीच शिकवलं. तू मला आयुष्यात एकच गोष्ट शिकवलीस, सायकलची उतरलेली चेन हात न माखता कशी चढवायची ती. ती मात्र खरंच चांगली शिकवलीस.

टेंभुर्णीच्या स्टँडजवळचं तुझं ऑनलाइन कामाचं दुकान म्हणजे एक पत्र्याचं शेड. सातबारे, दाखले, पीकविम्याचे अर्ज. एकदा कुलूप तोडून कोणीतरी जुना कॉम्प्युटर नेला, तेव्हा तू मला फोन केलास. रोज संध्याकाळी पिशवीत घालून घरी नेता येईल एवढा लहान कॉम्प्युटर पाहिजे म्हणालास. मी म्हणाले, लॅपटॉप घे. तू म्हणालास, लॅपटॉप विम्याचे एजंट वापरतात.

ठीक आहे, मी लहान कॅबिनेट निवडलं. अशा कॅबिनेटमध्ये सगळ्यात नडतो तो प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा आणि त्याच्यावरचा पंखा. मोठ्या डब्यात कसाही बसतो. लहान डब्यात आधी उंची बघावी लागते. प्रोसेसरच्या पाठीपासून झाकणापर्यंत सत्तेचाळीस मिलिमीटर जागा होती. मी तीनदा मोजली. सदतीसचा एक कूलर मिळत होता, पण त्याचा पंखा एवढासा, सारखा किंचाळणारा, आणि मे महिन्यात पत्र्याखाली त्याचा निभाव लागला नसता. पंचेचाळीसचा दुसरा होता. पंखा रुंद, आवाज कमी, आणि वर दोन मिलिमीटर मोकळे. झाकणाला बारीक छिद्रांची जाळी होतीच, तिच्यातून हवा आली असती. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तुला फोन करून पंचेचाळीसचा मागवते म्हणाले, तर तू थांब म्हणालास.

मग तीन आठवडे तू मोबाइलवर व्हिडिओ बघितलेस. तीन आठवडे मी रिकामा मदरबोर्ड टेबलावर ठेवून तुझी वाट बघितली. शेवटी एक दिवस तू दुकानात आलास आणि एक खोकं काउंटरवर ठेवलंस. संभाजीनगरला जाऊन आणलं होतंस. आतला कूलर दिसायला देखणा होता, चार तांब्याच्या नळ्या, काळा पंखा. त्याच्या खोक्यावर उंची छापलेली होती. चोपन्न.

मी म्हणाले, “दादा, हा सात मिलिमीटर उंच आहे. झाकण बसणार नाही.”

“बसतं. तू दाबून न्हाई राह्यली.”

आणि तू स्वतः दाबायला लागलास. दुकानात बियाणं कंपनीच्या ऑफिसमधले दोघं उभे होते. तुझ्या तळहाताखाली बोर्ड वाकताना मला दिसत होता. मी तुझं मनगट धरून हात बाजूला केला. ते तुला झोंबलं. त्या दोघांकडे बघून हसत तू म्हणालास, “बारावी शिकलेली मला माप सांगून राह्यली.”

मी तुला तिथंच उत्तर द्यायला हवं होतं. तुझा कूलर बसवून दिला, सगळं जोडून चालू करून दाखवलं आणि झाकण वेगळं तुझ्या पिशवीत ठेवलं. तू टेंभुर्णीच्या वेल्डिंगवाल्याकडे गेलास आणि ग्राइंडरनं त्या झाकणाला बशीएवढं भोक पाडलंस. जाळीसकट. मग त्यावर डासांची जाळी चिकटवलीस. कूलरचं डोकं त्या भोकातून सात मिलिमीटर वर आलेलं, त्यावर जाळीचा फुगा. लोकांनी विचारलं की तू सांगायचास, ही खास पद्धत आहे, हवा खेळती राहते. कॉम्प्युटर तू स्वतः बनवलास, असंही सांगायचास. हे मला जाफराबादहून आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. तो मला विचारत होता की टेंभुर्णीत एक इंजिनिअर लहान कॉम्प्युटर बनवून देतात, तुम्हाला तसा जमेल का. मी त्याला जमतो एवढंच म्हणाले.

वर्षभर तो कसाबसा चालला. त्या भोकातून सोयाबीनचं भूस गेलं, कापसाचे तंतू गेले, स्टँडवरची धूळ गेली. तू एकदाही उघडून साफ केला नाहीस. मग गेल्या वर्षी पीकविम्याचा शेवटचा दिवस आला. शेडमध्ये आणि बाहेर मिळून साठेक माणसं. आभाळ भरून आलेलं, वारा नाही, आत घामाची वाफ. टेबलावर जागा उरली नाही म्हणून तू अर्जांचा गठ्ठा कॉम्प्युटरवर ठेवलास. दादा, तू हवेसाठी ग्राइंडरनं भोक पाडलंस आणि त्याच भोकावर गठ्ठा ठेवलास. अर्ध्या तासात कॉम्प्युटर तापून बंद पडला. चालू केला, पुन्हा बंद. लोक ओरडायला लागले, कोणी जाफराबादला पळालं, कोणाचा अर्ज राहिला तो राहिलाच.

तेव्हा तू भर गर्दीत म्हणालास, “माझ्या बहिणीनं जुळवलाय. तिला सांगितल्तं मी, तिनं ऐकलं न्हाई.”

वर्षभर तो तुझा होता. बंद पडला त्या मिनिटाला माझा झाला.

दुसऱ्या दिवशी तीन माणसं गाडी करून जालन्याला माझ्या दुकानात आली आणि रस्त्यावर उभं राहून मला वाटेल ते बोलली. त्यांचा राग खरा होता, मी त्यांना दोष देत नाही. मी तुला फोन केला. तू उचलला नाहीस. संध्याकाळी वहिनीच्या फोनवर केला, तर मागून तुझा आवाज आला, म्हणावं नंतर बोलतो. त्या ‘नंतर’ला नऊ महिने झाले आणि तू गेलास.

नऊ महिन्यांत तू एकदा आला होतास. तुला वाटलं असेल, हे मला माहीत नाही. दिवाळी होऊन गेली होती, दुपार होती. समोरच्या चहाच्या टपरीजवळ तू उभा होतास, पांढरा शर्ट, काखेत ती कापडी पिशवी. मला काचेतून स्पष्ट दिसलास. तू माझ्या दुकानाकडे बघायचास आणि मग रस्त्याकडे बघायचास. मी हातातला बोर्ड खाली ठेवला नाही. मान खाली घातली आणि सोल्डरिंगचा एक पक्का असलेला टाका उगीच पुन्हा तापवत बसले. मनात म्हणाले, येऊ दे आत. आत येऊन म्हणू दे, रेखे, चुकलं. तेवढं म्हणू दे, मग बघते. पुन्हा मान वर केली तेव्हा टपरीसमोर कोणी नव्हतं.

संध्याकाळी शेजारचा बॅटरीवाला अय्यूबभाई आला. म्हणाला, “तुमचे भाऊ आल्ते माझ्याकडं. पंचेचाळीसवालं कूलर कुठं भेटतं विचारून राह्यले होते. मी म्हनलं, बहिणीच्या दुकानात तर भेटतं. तर म्हनले, तिला कामून तरास द्यायचा.”

तुझी किळस आली मला तेव्हा. खरं सांगते. पंचेचाळीस हा आकडा तुला कळला होता, पाठ झाला होता, तरी तो माझ्या तोंडासमोर उच्चारण्याऐवजी तू माझ्या शेजाऱ्याला विचारून आलास. साठ किलोमीटर एसटीनं येऊन रस्ता ओलांडायला तुला जमलं नाही. मी त्या दिवशी पंचेचाळीसचा एक कूलर मागवला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. पाठवला नाही. फोन केला नाही. तू मागायला येशील तेव्हा देईन म्हणाले. तुझ्याइतकीच घमेंड माझ्यात आहे, ती कुठून आली असेल ते तू सांगितलं असतंस. रस्ता मलाही ओलांडता आला असता. टपरीवर दोन कप चहा सांगता आला असता. माझ्या दुकानाच्या दारापासून ती टपरी वीस पावलांवर आहे.

मग चैत्रात तो फोन आला.

गोडजेवण होऊन आठवडा झाल्यावर वहिनीनं बोलावलं. म्हणाली, दुकान मी चालवणार हाये, कॉम्प्युटर घडीघडी बंद पडून राह्यला, तुम्ही या. मी फळीवरचं खोकं घेतलं आणि सकाळच्या एसटीनं गेले. शेडचं शटर वहिनीनं स्वतः वर केलं. मी अवजारं काढेपर्यंत तिनं कॉम्प्युटर चालू केला आणि कोणाचा तरी राहिलेला अर्ज भरायला घेतला. तिची बोटं बघून मी थांबले. कीबोर्डकडे न बघता ती मराठी टाइप करत होती, माझ्यापेक्षा जल्दी.

मी विचारलं, हे कधी शिकलात.

“दोन वर्षं झाले, मीच भरून राह्यले सगळे अर्ज,” ती म्हणाली. “ह्यांना टायपिंग कुठं येत होतं? हे बाहेर बसून लोकांशी बोलायचे.”

मी खुर्चीवर बसले, दादा. गुरुजींचं भाषण पुन्हा कानात आलं. कॉम्प्युटर माझा, काम वहिनीचं, आणि हार तुझ्या फोटोला. तू स्वतः काय केलंस ते मी मोजायला लागले आणि झाकणाच्या भोकापुढे माझी मोजणी जाईना. मी ते बोलून दाखवलं. जे नऊ महिने साठलं होतं तेही बोलून टाकलं. माझा आवाज चढला असणार, कारण बाहेरून एक माणूस आत डोकावून गेला.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. नाही म्हणाली नाही. मग म्हणाली, “ते सगळं खरंच हाये, ताई. पण मी इथं बसायला लागले तेव्हा भावकीतले घरी आल्ते. बाईमाणूस स्टँडवर कामून बसवली म्हणून. दोन तास बोलले. हे म्हनले, मला विचारणारे तुम्ही कोण? अन् दुसऱ्या दिवशी नवीन खुर्ची आणली माझ्यासाठी. ह्यांनी कोणाचं म्हणून ऐकलंच न्हाई कधी.”

खरं आहे. तू कोणाचं ऐकलं नाहीस. माझं ऐकलं नाहीस आणि त्यांचंही नाही. एकाच खोडीतून दोन्ही निघालं. मी पेचकस हातात घेतला.

झाकण काढलं. तुझ्या त्या देखण्या कूलरच्या पात्यांमध्ये भूस आणि कापूस दाबून बसला होता, वाकळीसारखा एक थर सोलून निघाला. खाली प्रोसेसरवर उष्णता वाहून न्यायला लावतात ती पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. मी सगळं पुसून काढलं, नवी पेस्ट लावली, पंचेचाळीसचा कूलर बसवला, चार स्क्रू कोपऱ्याकोपऱ्यानं आवळले. झाकण सरळ बसलं. कूलर भोकाच्या दोन मिलिमीटर खाली राहिला. डासांच्या जाळीऐवजी मी बारीक, धुता येईल अशी जाळी लावली. वहिनीला ती दर रविवारी काढून कशी झटकायची ते दाखवलं. हवा कुठल्या दिशेनं चालली आहे हे ओळखायला जाळीवर कागद धरायचा, चिकटला तर आत जाते, उडाला तर बाहेर येते, हेही सांगितलं.

तेव्हा वहिनीला तुझं एक म्हणणं आठवलं. पंखा उलटा करून बसवावा, गरम हवा वर बाहेर फेकावी, गरम हवा परत बोर्डावर कशाला मारायची, असं तू म्हणायचास. माझ्याशीही तू खोकं घेऊन आलास त्या दिवशी यावरून भांडला होतास आणि मी म्हणाले होते की बाहेरची हवा आत ओढलेलीच बरी, प्रोसेसरबरोबर बोर्डही थंड राहतो. ते भांडण मापाच्या भांडणात बुडून गेलं होतं.

मी म्हणाले, बघूनच घेऊ. दुपारचे दोन वाजले होते, पत्रा तापला होता, याहून चांगली वेळ मिळाली नसती. आधी माझ्या पद्धतीनं पंखा लावला आणि प्रोसेसरला वीस मिनिटं पूर्ण ताणावर चालवलं. चौऱ्याहत्तर अंशांवर थांबला. मग पंखा सोडवला, उलटा केला, पुन्हा वीस मिनिटं. वहिनी तोपर्यंत समोरून चहा आणायला गेली होती. मी एकटीच स्क्रीनकडे बघत बसले. एकोणऐंशी. एक्याऐंशी. त्र्याऐंशीवर थांबला.

नऊ अंशांनी, दादा. तू नऊ अंशांनी चुकीचा होतास. मी वळले. खरंच वळले, तुला सांगायला. तुझा चेहरा कसा झाला असता, तू कसा म्हणाला असतास की तुझा आकडाच बराबर न्हाई, पत्रा जास्त तापला आता, पुन्हा लाव. आपण पुन्हा लावलं असतं. संध्याकाळपर्यंत लावत बसलो असतो. शेडमध्ये पंख्याचा आवाज तेवढा होता.

मी डोळे पुसले, पंखा सोडवून पुन्हा सुलटा बसवला आणि झाकण लावलं.

वहिनी चहा घेऊन आली तेव्हा तिच्या मागोमाग दोन बायका दाखल्यासाठी आल्या होत्या आणि निवृत्त गुरुजी पेन्शनचं काहीतरी घेऊन आले होते. गुरुजींनी मला ओळखलं, हात जोडले. वहिनीनं कप पुढे केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “काय निघालं, ताई? ह्यांचं म्हणणं बराबर होतं का?”

गुरुजी माझ्याकडे बघत होते. बायका बघत होत्या.

मी म्हणाले, “बराबर होतं. दादाचंच बराबर निघालं.”

गुरुजींनी समाधानानं मान हलवली. वहिनी टेबलाजवळ आली. तिनं बाजूचा एक कोरा कागद उचलला आणि जाळीवर धरला. कागद जाळीला घट्ट चिकटला. तिनं तो सोडवला, माझ्याकडे एकदा बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून बसली आणि पहिल्या बाईला म्हणाली, या, नाव सांगा.